भुशाच्या शेगडीवरचे शेपूट

मुंबई बंदराचा पूर्व किनारा ज्यांनी केवळ लोकलच्या खिडकीतून पाहिला आहे, त्यांना रे रोड म्हणजे गंजलेल्या लोखंडाचे ढीग, लाकडाच्या वखारी आणि मालमोटारींची अखंड रांग एवढेच ठाऊक असते. आणि खरे सांगावयाचे तर त्यापलीकडे तेथे प्रेक्षणीय असे फारसे काही आहे, असा दावा मीही करणार नाही. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्यास मिळाले, १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून सुरू झालेला हार्बर मार्ग येथवर येऊन थांबला, आणि १९२५ साली त्याच मार्गाने बोरीबंदरापर्यंत विजेची गाडी धावू लागल्यावर रे रोडचे शेवटच्या स्थानकाचे वैभवही संपुष्टात आले. रुळांच्या पूर्वेची जमीन जवळजवळ सगळी पोर्ट ट्रस्टच्या मालकीची. तिच्यावर लाकडी बंदर, कोळसा बंदर, इंग्रजी ‘हे’ म्हणजे वाळलेल्या गवताचे ‘हे बंदर’ अशी ज्या त्या मालाच्या नावाने नांदणारी लहानलहान बंदरे, आणि दारूखान्यात आयुर्मर्यादा संपलेली जहाजे मोडण्याचा उद्योग. या परिसरात, जहाजांना शिधासामग्री पुरविणाऱ्या एका पेढीत मी कारकून म्हणून रुजू झालो आणि तेथूनच निवृत्त झालो. माझ्या आयुष्यातील पाककलेचे जे काही शिक्षण झाले ते या पेढीच्या खरेदीखात्यात झाले, हे विधान चमत्कारिक वाटेल. पण वस्तुस्थिती तशी आहे.

जहाज बंदरात लागले, किंवा बाऱ्यात नांगर टाकून धक्क्याची वाट पाहू लागले, की त्याच्या मागणीची फर्द आमच्याकडे येई. बटाटे, कांदे, पीठ, अंडी, लोणी, बर्फाच्या लाद्या, आणि सर्वांत शेवटी मांसाचा रकाना. हा रकाना भरून देण्याचे काम आमच्या दफ्तरातील बहुतेक कारकुनांना नको असे. कोणी सोवळ्यामुळे टाळी, कोणी घरच्या मंडळींच्या धाकाने. मी अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. अमेरिकन मिशन नगरात १८३१ साली आले आणि ‘ज्ञानोदय’ हे पत्र तेथूनच १८४२ साली निघू लागले, त्या परंपरेत आमच्या तीन पिढ्या वाढलेल्या. आमच्या घरी मोठ्याचे मटण निषिद्ध नव्हते, आणि नगरच्या आठवडी बाजारातून ते आणणे हे आम्हा मुलांचेच काम असे. सबब तो रकाना आपसूक माझ्या वाट्यास आला आणि निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिला.

या रकान्यात ‘शेपूट’ हा शब्द नेहमी अधिकाऱ्यांच्या भोजनाच्या यादीत येई, खलाशांच्या यादीत क्वचितच. कारण गोऱ्या कप्तानांच्या मेजावर शेपटाच्या सुपाला प्रतिष्ठा होती. गंमत अशी, की जो भाग त्यांच्या मेजावर या इतमामाने जाई, तोच त्यांच्या देशातील गरिबांनी प्रथम शिजविलेला. रोमच्या टेस्टाचियो भागात जुना कत्तलखाना होता, तेथील कामगारांना मजुरीचा काही हिस्सा रोखीऐवजी शेपूट, आतडी, काळीज अशा वस्तूंच्या रूपाने मिळत असे, आणि त्यातूनच टोमॅटो व सेलरी घालून तासन्‌तास शिजविलेले बैलाच्या शेपटाचे एक कालवण निर्माण झाले, जे आज रोमची शान समजले जाते. एका इटालियन जहाजाच्या मुख्य आचाऱ्याने मला हे सारे मोडक्यातोडक्या इंग्रजीत व अधिक करून हातवाऱ्यांनी समजाविले होते. सेलरीची जुडी मात्र त्याने माझ्याकडून तीन वेळा बदलून घेतली.

मी नोकरीस लागलो त्या वेळी मुंबईचा कत्तलखाना वांद्र्यास होता; १९७१ पासून ते सर्व काम देवनारला गेले. पण आमचा प्रत्यक्ष व्यवहार असे तो क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या, मागील अंगास असलेल्या मांसविभागाशी. तेथील एका वृद्ध कुरेशी गृहस्थांकडून मी माल घेई. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणे. ते मला ‘बाबू’ म्हणत आणि माझे केस पांढरे झाल्यावरही त्यात बदल करण्याची गरज त्यांना भासली नाही. शेपूट कसे कापावे हे त्यांच्या ठोकळ्याशेजारी उभे राहून पाहण्यासारखे होते. सत्तूर बाजूस ठेवून ते एक अरुंद, झिजून निम्मा उरलेला सुरा घेत, डाव्या हाताच्या अंगठ्याने मणक्यांवरून चाचपत जात, आणि जेथे अंगठा किंचित आत रुते तेथे सुऱ्याचे टोक टेकवून नुसता दाब देत. आवाजही न होता तुकडा अलग होई. गोवंशाच्या शेपटात सुमारे अठरा ते वीस मणके असतात, आणि दोन मणक्यांमध्ये मऊ कूर्चेची चकती असते. सुरा त्या चकतीतून गेला तर हाड अभंग राहते. हाडावरच घाव पडला तर त्याच्या किरचा होतात आणि त्या थेट रश्शात उतरतात. “बाबू, हाड तोडायचा नाय, जोड शोधायचा,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. एकदा ते गावी गेले असता मंडईतल्या कोणा नवशिक्या पोऱ्याने आमचा माल सत्तुराने तोडून दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या जहाजाच्या भांडारप्रमुखाने सुपातून निघालेली किरच हातपावतीला टाचून, वर लाल शाईचा शेरा मारून परत पाठविली. ती पावती पुढे कित्येक वर्षे दफ्तरात होती.

शेपूट हा अवयव इतर मांसाहून निराळा का, याचे उत्तर जनावराच्या दिनचर्येत आहे. माशा वारण्यासाठी हा भाग अष्टौप्रहर हलता असतो. त्यामुळे त्यातील स्नायू लहान पण चिवट, आणि त्यांना हाडाशी बांधून ठेवणारे तंतू विपुल. हे तंतू ज्या द्रव्याचे बनलेले असतात, त्या कोलॅजेनचे ओलसर, मंद उष्णतेत हळूहळू जिलेटिन होते. पण त्यास तासांची मुदत द्यावी लागते, आणि जनावर जितके वयस्क व कष्टलेले, तितकी ती मुदत वाढते. घाईने खदखदा उकळले तर तंतू विरघळण्याआधीच मांसाचे धागे पिळवटून कोरडे होतात. उकळी आणि शिजणे यांतील हा भेद ज्याला उमगला नाही, त्याने शेपटाच्या वाटेस जाऊ नये. त्याने खुशाल कोंबडी करावी.

आता खाद्याविषयी. माझा एक पुतण्या मेलबर्नला असतो. तिकडे ‘केवळ गवतावर वाढविलेल्या’ जनावराचे शेपूट वेगळ्या चिठ्ठीसह व वाढीव किमतीने विकतात, हे त्याने मोठ्या कौतुकाने मला कळविले. पाश्चात्त्य देशांत अनेक ठिकाणी जनावरांना आयुष्याचे अखेरचे काही महिने दावणीस कोंडून मका व इतर धान्य चारतात, जेणेकरून त्यांची चरबी झपाट्याने वाढावी. त्या पार्श्वभूमीवर गवताची अशी जाहिरात करावी लागते हे समजण्यासारखे आहे. पण आमच्या नगर जिल्ह्यातला बैल गवतावर वाढला असे सांगणे म्हणजे मासा पाण्यात वाढला असे सांगण्यापैकी आहे. अकोल्याच्या डोंगराळ, पावसाळी मुलखातला डांगी असो की माणदेशाकडून आलेला खिलार असो, पावसाळ्यात गायरानावरचे व बांधावरचे हिरवे गवत, सुगीनंतर ज्वारीचा कडबा, आणि पेरणी-मोटेच्या दिवसांत धन्याची ऐपत असलीच तर मूठभर पेंड, हा त्याचा आहार. धान्य माणसांनाच पुरत नसे, तेथे बैलाला कोठले? मुंबईतही काही निराळे नव्हते. रे रोडच्या हे बंदरावर एके काळी ठाणे जिल्ह्यातले वाळलेले गवत पडावांतून उतरे, आणि शहरातले घोडे, खटाऱ्याचे बैल व तबेल्यांतल्या म्हशी त्यावर पोसल्या जात.

हा आहार पातेल्यात दिसत असे. शेपूट रात्री शिजवून निवत ठेवले की सकाळी त्यावर चरबीचा थर गोठलेला असे, आणि तो बैलाचा असेल तर पिवळा असे; हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीन चरबीत साठते, त्याचा तो वर्ण. पावसाळा सरता सरता आणलेल्या शेपटाचा थर चांगला हळदी रंगावर जाई, तर वैशाखात, जनावर महिनोन्‌महिने कोरड्या कडब्यावर काढून आलेले असताना, तोच थर फिकट निघे. कोणत्या महिन्यात जनावराच्या पुढ्यात काय पडले होते, याचा दाखला मला कोणत्याही चिठ्ठीवाचून मिळत असे.

आमचे बिऱ्हाड रे रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझगावच्या बाजूस, एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. रॉकेल मोजून मिळे, कोळसा महाग. पण लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या हाकेच्या अंतरावर असल्यामुळे लाकडाचा भुसा मात्र पोत्याने, जवळजवळ फुकट मिळे. त्यामुळे त्या भागातल्या बहुतेक गॅलऱ्यांत भुशाची शेगडी असे. आज ती कोणाच्या पाहण्यात नाही, म्हणून तिचे वर्णन थोडे विस्ताराने करतो. पत्र्याचा एक उभट डबा, त्याच्या तळाशी एका बाजूस मनगट जाईल एवढे भोक. डब्याच्या मध्यभागी एक रिकामी बाटली उभी धरावयाची, भोकातून दुसरी बाटली किंवा गुळगुळीत दांडके आडवे सारून पहिलीस भिडवावयाचे, आणि भोवताली कोरडा भुसा मुसळाने ठासून ठासून भरावयाचा. वरपर्यंत भरला की बाटल्या हलक्या हाताने पिळत बाहेर काढावयाच्या; मग भुशात एक उभे व एक आडवे असे दोन बोगदे उरतात. आडव्या बोगद्यातून रॉकेलची चिंधी गुंडाळलेली एक ढलपी पेटवून आत सरकविली की उभ्या बोगद्याची भिंत आतून विस्तवासारखी तांबूस होऊ लागते. पहिला धूर डोळ्यांतून पाणी काढी. तो ओसरेपर्यंत भांडे चढवावयाचे नसे, आणि शेगडी बंद खोलीत कदापि न्यावयाची नसे, कारण तिच्या न दिसणाऱ्या वायूने माणसे गुदमरल्याच्या हकिकती चाळीत सर्वांना ठाऊक होत्या. त्यानंतर मात्र तिला हात लावण्याचे कारण नसे. ज्वाळा नाही, फुंकणी नाही. भिंत आतून बाहेर जळत जाते, पोकळी रुंदावते, आणि पाच-पाच, सहा-सहा तास एकसारखी सौम्य आच मिळत राहते. सांजवेळच्या स्वयंपाकाला ही शेगडी कुचकामी, कारण तिच्यावर भाकरी धड फुगत नाही. शेपटासाठी मात्र ती जणू बेतून केलेली होती.

शनिवारी पेढी लवकर सुटे. चाचांकडचे तुकडे मी घरी आणी ते आधीच सांध्यांवर विलग केलेले असत. माझ्या पत्नीचे काम ते धुऊन, फडक्याने अगदी कोरडे टिपून, लोखंडी तव्यावर त्यांच्याच चरबीत चहूबाजूंनी तांबूस परतण्याचे. ओला तुकडा परतला जात नाही, तो वाफेत भिजतो, हा तिचा सिद्धांत होता आणि तिच्यापुढे माझ्या कारकुनी ज्ञानाची मात्रा चालत नसे. मग जाड बुडाच्या पातेल्यात तुकडे, आले-लसूण, दोन-चार लवंगा, आणि तुकडे जेमतेम बुडतील एवढे पाणी. आरंभी वर येणारी मळी पळीने काढून टाकावयाची. त्यानंतर झाकण किंचित कलते ठेवून, पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा उमटावा एवढ्याच आचेवर ते ठेवून द्यावयाचे. मीठ अखेरीस. रात्री शेगडी आपण होऊन विझे, पातेले गॅलरीत निवे, आणि रविवारी उपासनेहून परतल्यावर वरची चरबी काढून खालच्या थरथरत्या, गोठलेल्या रश्शाला पुन्हा ऊब देत. त्यात भाजलेला कांदा व सुके खोबरे वाटून, नगरहून आलेला काळा मसाला, आणि दाटपणासाठी भाजल्या धान्याचा येसूर. बरोबर ज्वारीची भाकरी. आमच्या शेजारी राहणाऱ्या गोवेकर कुटुंबात याच शेपटात व्हिनेगर पडे, पलीकडच्या कोकणी मुसलमान बाईंकडे ते निहारीत जाई. तिन्ही घरांत आच एकाच जातीची आणि भुसा एकाच वखारीचा. शाकाहारी शेजारी शनिवारी रात्री दारे लावून घेत, त्याबद्दल आम्ही कधी राग धरला नाही आणि त्यांनीही कधी बोल लावला नाही. त्या काळची शेजारधर्माची ही रीत आज पूर्वीइतकी सुलभ राहिलेली नाही, एवढे येथे नमूद करतो.

मी निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर कायद्याने या पाकक्रियेत हस्तक्षेप केला. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गायीची कत्तल बंद केलेली होतीच. बैल व वळू यांना मात्र, ते कामास निरुपयोगी झाल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असल्यास, मुभा होती. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही बंदीच्या कक्षेत आले. भंग करणारास पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, परंतु परराज्यात रीतसर कापलेल्या जनावराचे मांस केवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. मी सारा जन्म दाखले, परवाने आणि शिक्के यांच्या संगतीत काढला असल्यामुळे अंमलात असलेला हुकूम पाळण्यात मला अडचण वाटत नाही. तथापि म्हातारा बैल विकून त्या पैशांत नव्या जोडीची भर घालण्याचा जो जुना हिशेब आमच्याकडचा कोरडवाहू शेतकरी मांडीत असे, तो या दुरुस्तीने मोडला, हे माझे मत मी लपवूनही ठेवणार नाही. योगायोगाने त्याच २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या काय शिजले आणि का शिजले, याची ती सरळ नोंद आहे. हे अन्न काही एकट्या गोऱ्या कप्तानांचे किंवा आम्हा मिशनवाल्यांचे नव्हते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ती वाचावी.

म्हैसवर्ग या बंदीतून वगळलेला आहे. त्यामुळे आज मुंबईत शेपूट मिळते ते म्हशीचे अथवा रेड्याचे, आणि तेच आम्ही आणतो. प्रथम आणले तेव्हा सकाळी पातेल्याचे झाकण काढून मी काही वेळ विचारात पडलो: चरबीचा थर पांढराशुभ्र. जनावर हिरव्या चाऱ्यावरचे आहे असे विकणाऱ्याने शपथेवर सांगितले होते, आणि तो खोटे बोलला नव्हता. म्हैस कॅरोटीनचे जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतर करून टाकते, म्हणून तिची चरबी पांढरी, आणि त्याच कारणाने तिचे लोणीही पांढरे; तबेल्याशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला हे सुचावयास हरकत नव्हती. अर्थात विलायती पुस्तकांतली पिवळ्या चरबीची खूण आपल्या मंडईत निरुपयोगी आहे. येथे पाहावयाचे ते मांसाचा रंग व सांध्यांचा ताजेपणा: रंग गडद पण काळपट नसलेला, कापलेल्या चकतीवर ओलसर मोतिया झाक, आणि वास केवळ मांसाचा. रेड्याचे शेपूट बैलापेक्षा काकणभर कोरडे आणि तंतूंनी अधिक बांधलेले असते, रस्सा मात्र त्याचा तितकाच दाट गोठतो. त्याला बैलाच्या शेपटाची नक्कल करावयास लावू नये. तेलाचा हात किंचित सैल सोडावा, आणि मसाला अर्धा करावा.

भुशाची शेगडी आता आमच्याकडेही नाही. वखारी कमी झाल्या, रुळांवर २०२५ साली तारांनी पेललेला नवा पूल झाला, आणि चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत गॅलरी म्हणावी अशी जागाच ठेवलेली नाही. गॅसची सर्वांत लहान शेगडी, तिच्यावर जाड लोखंडी तवा आणि तव्यावर पातेले, या उपायाने बरीचशी तीच आच मिळते. प्रेशर कुकरविषयी सुना विचारतात. कुकर तासाभरात मांस मऊ करून देतो हे निर्विवाद. परंतु त्यातील जोरकस उष्णतेने धागे विसकटतात, रस्सा गढूळ होतो, आणि तुकडा हाडाला धरून राहण्याऐवजी त्याचा लगदा होतो. कामावरून दमून आलेल्या माणसाने तो जरूर वापरावा. रविवारच्या जेवणासाठी मी तरी तो बाहेर काढीत नाही.

ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. एका जनावराला शेपूट एकच, आणि निहारीवाले ते पहाटेच उचलतात; म्हणून विकणाऱ्यास आदल्या दिवशी सांगून ठेवावे. सांध्यांवरच कापून मागावे, आणि बुडाकडचे जाड तुकडे तेवढे निवडून टोकाकडचे बारीक तुकडे मागे ठेवू नयेत, कारण रश्शाला दाटपणा येतो तो त्यांच्यामुळे. शिजले की नाही हे घड्याळावर न पाहता जाड तुकड्यावर पळी टेकवून पाहावे. मांस हाडावरून आपण होऊन सरकले तर झाले. तथापि रेड्याच्या शेपटास चार तासांच्या आत ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही.